रुग्णवाहिका आली, पण आत कोण आहे?

मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस 27 जुलै 2019 च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर येईपर्यंत दुपार झाली. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथके आली, आसपासचे गावकरी धावले. गाडीत नऊ गर्भवती महिला होत्या, म्हणून पाठवलेल्या 37 डॉक्टरांत स्त्रीरोगतज्ज्ञही होते. बोट कोणी हाकायची आणि नाडी कोणी बघायची, याबद्दल त्या दिवशी कोणाच्या मनात गोंधळ नव्हता.

रोजच्या अपघातात मात्र अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरचा माणूस एवढेच म्हणतो, ‘अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.’ कुठली, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण उत्तरावर जीव अवलंबून असतो.

देशाच्या वाहन मानकांत, म्हणजे एआयएस-125 मध्ये, रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत: प्रथम प्रतिसादासाठीचे वाहन, फक्त रुग्ण नेणारी गाडी, प्राथमिक जीवरक्षक सोयींची गाडी आणि व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, मॉनिटर असलेली प्रगत गाडी. बाहेरून चौघींवर दिवा तोच आणि भोंगाही तोच. आतल्या माणसांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रथम प्रतिसादकाने रक्तस्राव दाबून धरायचा, श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, मान हलू द्यायची नाही आणि हृदय थांबले तर मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती दाबत राहायचे. त्याच्या वरच्या पायरीवरचा तंत्रज्ञ ऑक्सिजन देतो, मोडलेल्या हाडाला आधार बांधतो, रुग्णाची स्थिती मोजून रुग्णालयाला कळवतो. पॅरामेडिक श्वासनलिकेत नळी घालू शकतो, ईसीजी वाचू शकतो, ठरलेल्या नियमांत औषधे देऊ शकतो. एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकले तर दोघांवरही अन्याय होतो आणि किंमत रुग्ण मोजतो.

महाराष्ट्राने यात आपला वेगळा रस्ता निवडला. 2005 मध्ये हैदराबादेतून सुरू झालेल्या 108 सेवेत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आणि बहुतेक राज्यांनी तीच घडी स्वीकारली. आपल्याकडे 2014 मध्ये सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी, त्यांतल्या 233 प्रगत आणि 704 प्राथमिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे तिचे वैशिष्ट्य. हे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर असतात आणि त्यांना आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण नावाआधी ‘डॉक्टर’ लागले म्हणजे धावत्या गाडीत चिरडलेला पाय सांभाळण्याचा सराव आपोआप येत नाही. तो वेगळा शिकावा लागतो आणि वारंवार ताजा करावा लागतो. एमबीबीएस झालेल्यांनाही हे तितकेच लागू आहे. आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून देशात मान्य झाला तोच मुळी 2009 मध्ये.

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये 1967 साली फ्रीडम हाऊस या रुग्णवाहिका सेवेने पदवीपेक्षा प्रशिक्षण महत्त्वाचे, हे उलट्या बाजूने दाखवले. गरीब वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे 300 तासांचे शिक्षण मिळाले. त्याआधी रुग्ण पोलिसांच्या गाडीतून नेले जात. या तरुणांपैकी अनेकांकडे मोठी पदवी नव्हती, तरी त्यांची कामगिरी पुढे पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरली. भारतात 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. ती कागदावरून गाडीत उतरायला हवी.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या पट्ट्यात प्रश्न आणखी टोकदार होतो तो रुग्ण हलवताना. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातून गंभीर रुग्णाला कळव्याला किंवा मुंबईला पाठवणे ही इथल्या कुटुंबांच्या ओळखीची गोष्ट आहे. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत व्हेंटिलेटरवरचा रुग्ण तासभर अडकू शकतो. सोबत केवळ चालक आणि एक सिलिंडर असेल, तर त्या प्रवासाला उपचार म्हणता येत नाही. म्हणून गाडीच्या दारावर तिची श्रेणी ठळक मराठीत लिहिलेली असावी आणि सोबतच्या माणसाची पात्रता नातेवाइकांना निघण्यापूर्वीच सांगितली जावी. खासगी गाड्यांना तर हे बंधन आधी लावावे.

गाडी पोहोचण्याआधीची मिनिटे कोणाची? लोकलखाली सापडलेल्या प्रवाशाला पहिला हात लावतो तो स्ट्रेचर हमाल किंवा रेल्वे पोलीस. एमआयडीसीत शेजारच्या मशीनवरचा कामगार. 1948 च्या कारखाने अधिनियमाने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रमाणपत्रधारक जबाबदार माणूस, अशी अट घातली होती. पेटी भिंतीवर दिसते. तो माणूस कोण, हे पाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते का? अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगर परिषदांनी व उल्हासनगर महापालिकेने स्ट्रेचर हमाल, रिक्षाचालक आणि कारखान्यांतले पाळीप्रमुख यांना रक्तस्राव थांबवण्याचे आणि छाती दाबण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे, दरवर्षी उजळणी घ्यावी आणि प्रशिक्षितांची यादी स्थानकावर, रिक्षाथांब्यावर आणि कारखान्याच्या फाटकावर लावावी.