परक्या धंद्याच्या मेळाव्यास एक दिवस

द्राक्षांचा मेळावा भरला म्हणजे द्राक्षबागायतदार जातो, ऊस परिषदेस ऊस लावणारा जातो आणि गुरांच्या प्रदर्शनास गोपालक जातो. ही रीत योग्यच आहे. परंतु पुठ्ठ्याच्या खोक्यांचे, शीतगृहांचे किंवा मालवाहतुकीचे प्रदर्शन जिल्ह्याच्या गावी भरले, तर ‘त्यात शेतकऱ्याचे काय काम?’ असे म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही. गावपातळीवरील कार्यकर्ताही शेतकऱ्यास तिकडे नेत नाही. ही उदासीनता महागात पडते.

नाशिक व सांगली भागांतील निर्यातीच्या द्राक्षाचेच उदाहरण घ्यावे. घड वेलीवरून उतरला की बागायतदारास काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः मालाचा खरा प्रवास तेथून सुरू होतो. तोडलेली द्राक्षे काही तासांतच थंड करून शून्य अंशाच्या आसपास आणावी लागतात. बुरशी रोखण्यासाठी खोक्यात सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा कागद घालावा लागतो. नंतर शीत कंटेनरमधून तो माल समुद्रमार्गे युरोपात जातो. यांतील एकही विद्या मूळची बागेतील नाही. ती यंत्रज्ञाची, खोके बनविणाऱ्याची व वाहतूकदाराची आहे. तिचा परिचय नसेल, तर उत्तम पिकविलेला मालही वाटेत नासतो.

२०१० सालचा अनुभव याहून कटू आहे. वेलीची फाजील वाढ आवरून घड अधिक यावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनिरोधक वापरले जात असे. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारांनाही मोठी झळ बसली. फवारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बागेच्या दृष्टीने ते गुणकारी औषध होते. ग्राहकाच्या प्रयोगशाळेत तोच दोष ठरला. ग्राहक, प्रयोगशाळा व व्यापारी जेथे एकत्र बसतात, तेथे शेतकऱ्याचे कान असणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, अशा ठिकाणी दिवस मोडतो, गाडीभाडे पडते आणि विक्रेते भोळ्या माणसाच्या गळ्यात नको ते यंत्र बांधतात. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून काही पथ्ये पाळावीत. कोरडवाहू शेतकऱ्याने रब्बीची मळणी आटोपल्यावर व खरिपाच्या पेरणीपूर्वी सवड काढावी. द्राक्षबागायतदाराने खरड छाटणीची घाई उरकल्यावर जावे. एकट्याने न जाता गटातील दोघांनी जावे, म्हणजे भाडे गटाच्या माथी थोडे थोडे पडते. जागेवर पैसे देऊ नयेत वा कोठे सही करू नये. प्रत्येक दालनात दोनच प्रश्न विचारावेत : ‘शेतमालात तुम्हांस कोणता दोष नेहमी आढळतो?’ आणि ‘तो दोष नसेल तर भावात किती फरक पडेल?’ उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

येथे कार्यकर्त्याची जबाबदारी मोठी आहे. अशा मेळाव्यांच्या तारखा त्याने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात आणि परतलेल्या शेतकऱ्यांकडून गावच्या बैठकीत हकीकत वदवून घ्यावी. जो गेला त्याच्यापुरतेच ते ज्ञान राहिले, तर गटाचे भाडे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

शेतकरी बी, खत व पाणी यांचा हिशेब चोख ठेवतो. माल बांधाबाहेर पडल्यावर तो कोणाकोणाच्या हातून जातो, याचाही हिशेब त्याने ठेवला पाहिजे. त्यासाठी वर्षातून एक दिवस परक्या मांडवात बसणे हा खर्च नव्हे. ती पुढील हंगामाची मशागतच होय.