मदत डिसेंबरात, गरज जुलैत: सणासुदीचं दान नंदुरबारच्या गावांना किती उपयोगी पडतं?

समजा, पुण्यातल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीने यंदाच्या नाताळात नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीट गावाला मदत करायचं ठरवलं. सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर कोड फिरतो, दोन दिवसांत पैसे जमतात. ब्लँकेट, खाऊ आणि वह्या घेऊन एक टेम्पो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तापीच्या दक्षिणेकडच्या या भागात पोहोचतो. वाटप होतं, फोटो निघतात, टेम्पो परत जातो.

यात कुणाचाही हेतू वाईट नाही. पण एक साधा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. डिसेंबर हा या गावाच्या अडचणीचा महिना आहे का?

दरवर्षी दिवाळी ते नवं वर्ष या काळात मदतीची आवाहनं वाढतात. माणूस सणाला हात मोकळा सोडतो, हे संस्थांना पक्कं ठाऊक असतं. या सवयीवर शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरातल्या संस्था उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यात शुभेच्छापत्रांचा वाटा मोठा आहे. मात्र सणाला पैसा जमा करणं आणि सणालाच मदत वाटून संपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

शुभेच्छापत्रातून मदतीची कल्पना कुठून आली?

व्यापारी तत्त्वावर छापलेलं पहिलं नाताळ कार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं. त्याचा दानधर्माशी संबंध नव्हता. तीन वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये एक पेनीत पत्र पाठवायची सोय झाली होती, त्यामुळे कार्ड पाठवणं सामान्य माणसाला परवडू लागलं.

या टपालाला मदतीची जोड दिली ती डेन्मार्कमधल्या एका पोस्ट कर्मचाऱ्याने. आयनार होल्बोल यांनी सुचवलं की नाताळच्या प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी एक छोटं शोभेचं तिकीट लावावं आणि त्याचे पैसे क्षयरोगाच्या कामासाठी वापरावेत. १९०४ मध्ये अशी तिकिटं विकली गेली. तीन वर्षांनी ही पद्धत अमेरिकेत पोहोचली. भारतात टीबी असोसिएशन ऑफ इंडियाने १९५० पासून अशीच ‘टीबी सील’ मोहीम सुरू केली. तिची सुरुवात नाताळला न होता २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीला होते.

युनिसेफच्या कार्डांची गोष्टही याच काळातली. दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का साम्कोवा या मुलीने एक चित्र काढलं. १९४९ मध्ये ते युनिसेफचं पहिलं कार्ड झालं.

भारतात हे कसं रुजलं?

मुंबईत १९७९ मध्ये एअर इंडियात पर्सर असलेल्या रिप्पन कपूर यांनी काही मित्रांसोबत ५० रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना पैसा पुरवायचा, हा उद्देश होता. त्यासाठी त्यांनी निवडलेला एक मोठा मार्ग म्हणजे शुभेच्छापत्रं. दिवाळी, नाताळ आणि नव्या वर्षाला कंपन्या आणि कुटुंबं ही कार्डं घेत. पाठवणाऱ्याला शुभेच्छा द्यायच्याच असत. कार्ड ‘क्राय’चं घेतलं की त्यातला काही पैसा मुलांच्या कामाकडे वळत असे.

महाराष्ट्रात दुसरं रूप दिसतं ते वरोऱ्याजवळच्या आनंदवनात. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या या वसाहतीत हस्तकलेच्या वस्तूंबरोबर शुभेच्छापत्रंही तयार होतात. इथे कार्ड घेणारा दान देत नाही, कुणाच्या तरी कामाची किंमत मोजतो. तोंडाने किंवा पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांच्या संघटनेची कार्डंही याच प्रकारात मोडतात. त्यात कलाकाराची कमाई असते, देणगी नसते.

आणि कार्ड कधीही न घेणाऱ्या गावांनाही ओळखीचा असा एक प्रकार आहे, तो म्हणजे ध्वजदिन. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. छातीवर लावायचा छोटा ध्वज देऊन माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा होतो. महाराष्ट्रात जिल्हा प्रशासनाला त्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं जातं. संकलन एका हंगामात होतं, पण त्या पैशातून मदत वर्षभर दिली जाते.

कार्डं गेली, तेव्हा नेमकं काय गेलं?

मोबाइल आला आणि शुभेच्छा फुकट झाल्या. कार्डांची दुकानं कमी झाली, संस्थांचं हे उत्पन्नही आटलं. याची हळहळ करण्याचं फारसं कारण नाही. कार्डाच्या किमतीतला मोठा भाग कागद, छपाई आणि दुकानदाराच्या कमिशनवर जात असे. ब्रिटनमध्ये तर दुकानांत विकल्या जाणाऱ्या ‘चॅरिटी’ कार्डांतून संस्थेला फारच थोडं मिळतं, अशी टीका अनेकदा झाली आहे.

पण कार्डाच्या पैशात एक गुण होता. तो कुठल्याही एका वस्तूला किंवा दिवसाला बांधलेला नव्हता. कार्ड घेणारा असं म्हणत नसे की माझ्या पैशातून २५ डिसेंबरला अमुक गावात ब्लँकेटच वाटा. पैसा संस्थेकडे जमा होई आणि जुलैमध्ये शिक्षिकेचा पगार द्यायला किंवा ऑगस्टमध्ये औषधं घ्यायलाही तो वापरता येई.

आजचं सणासुदीचं दान बऱ्याचदा याच्या उलट असतं. देणाऱ्याला वस्तू दिसायला हवी असते, वाटपाला हजर राहायचं असतं, फोटो हवा असतो. ‘वंचितांसोबत दिवाळी’ म्हणून फराळाची पाकिटं जातात. त्या दिवशी मुलांना आनंद होतो, तो खोटा नसतो. पण पैसा त्याच दिवशी संपतो.

नंदुरबारचं वर्ष कसं चालतं?

धुळ्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी तयार झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास. केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद.

इथल्या हातावर पोट असलेल्या कुटुंबाचं वर्ष दिवाळीला नवं धान्य घरात आल्यावर जरा सैल होतं. मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबार शहराच्या परिसरात हिवाळ्यात मिरचीची तोडणी आणि पथारींवर वाळवणं सुरू असतं, म्हणजे मजुरी मिळते. त्याच सुमारास जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, विशेषतः दक्षिण गुजरातकडे. खानदेशातून बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या या मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच केला होता.

याचा अर्थ, डिसेंबरात टेम्पो गावात येतो तेव्हा ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यातली बरीच माणसं गावात नसतात. ती उसाच्या फडाजवळच्या पालांत असतात. ब्लँकेटची गरज तिथे असते.

होळीला अनेक जण परततात. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजासाठी होळी हा वर्षातला मोठा सण. काठीची होळी तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे.

खरी ओढाताण पावसाळ्यात सुरू होते. साठवलेलं धान्य संपत आलेलं असतं, नवं पीक शेतात असतं. बियाणं-खतासाठी उचल घेतलेली असते. सततच्या पावसात मजुरीचे दिवस कमी होतात. सातपुड्यातल्या पाड्यांचे रस्ते तुटतात. जुलाब, ताप आणि न्यूमोनिया याच काळात वाढतात आणि लहान मुलांची वजनं घसरतात. कुपोषणाच्या बातम्या पावसाळ्यातच जास्त येतात, त्यामागे हे कारण आहे.

अर्थात कोरीट ज्या तालुक्यात आहे त्या सपाटीवरच्या भागाची स्थिती आणि धडगाव-अक्कलकुव्यातल्या डोंगरपाड्यांची स्थिती एकसारखी नाही. जिल्ह्याचं ठिकाण जवळ असलं की दवाखाना गाठणं सोपं होतं. पण शेतमजुराचं काम पावसावर आणि हंगामावर चालतं, हे दोन्हीकडे खरं आहे.

सरकारला हे माहीत नाही का?

चांगलं माहीत आहे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यातल्या उपासमारीच्या काळात आधार मिळावा म्हणून राज्याने १९७८ पासून ‘खावटी कर्ज योजना’ राबवली. तिची कल्पनाच मुळी महिन्यांवर आधारलेली होती. १९९५ मध्ये आलेल्या नवसंजीवन योजनेतही पावसाळ्याआधी धान्य आणि औषधांचा साठा दुर्गम गावांत पोहोचवणं हा मुख्य भाग आहे.

आणि वेळ चुकली की काय होतं, हेही याच योजनेने दाखवलं. करोना काळात, सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने खावटी अनुदान जाहीर केलं. प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू. याद्या, मंजुऱ्या आणि खरेदी यांत वाटप २०२१ पर्यंत लांबलं. ज्या पावसाळ्यासाठी मदत होती, तो केव्हाच संपला होता.

खासगी मदतीचंही वेळापत्रक असतं. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे उरलेला पैसा खर्च करायची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. शिवाय कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि राज्यातल्या मोठ्या कंपन्या मुख्यतः मुंबई-पुणे पट्ट्यात आहेत.

मग सणाला द्यायचंच नाही का?

द्यायला हरकत नाही. सणाला माणूस दुसऱ्याचा विचार करतो, ही चांगलीच गोष्ट आहे. नाताळ हा नंदुरबारला परकाही नाही. नवापूर तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी समाज आहे, आणि त्याच तालुक्यात चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल अनेक दशकांपासून रुग्णसेवा करत आहे. त्यांचा नाताळ त्यांच्या घरचा सण आहे, बाहेरून आणलेला कार्यक्रम नाही.

बदलायला हवी ती देण्याची पद्धत. डिसेंबरात पैसे जमवून ते स्थानिक संस्थेला ‘जून ते सप्टेंबर या काळात तुमच्या गरजेनुसार वापरा’ असं सांगून देता येतात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांनी शाळा सोडू नये म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी कार्ड अशा सोयी आहेत. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मूल गावातच राहावं यासाठी लागणारा खर्च मात्र ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोजचा असतो. एका दिवसाच्या खाऊपेक्षा अशा रोजच्या खर्चाचा वाटा उचलणं जास्त उपयोगी पडतं.

देण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारले तरी बरंच कळतं. हा पैसा कोणत्या महिन्यात खर्च होणार? काय हवं हे गावातल्या कुणी सांगितलं? आणि पुढच्या वर्षी हे काम सुरू राहणार का?

कराच्या बाबतीतही काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. आयकर कायद्यातली देणगीवरची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. ती पैशाच्या देणगीला आहे. ब्लँकेट, कपडे किंवा फराळाला नाही. दोन हजारांवरची रोख देणगीही तिच्यात बसत नाही. कार्ड किंवा वस्तू विकत घेतली तर ती खरेदी असते, त्यामुळे तिच्या किमतीवर साधारणपणे ही सवलत मागता येत नाही. संस्था नोंदणीकृत आहे का, हेही तपासावं.

यातलं काहीच अवघड नाही. फक्त त्याचा फोटो येत नाही. जुलैच्या पावसात एखाद्या पाड्यावरच्या मुलाला वेळेवर औषध मिळतं, तेव्हा डिसेंबरात पैसे देणारा माणूस तिथे नसतो. पत्रावर टीबीचं तिकीट लावणाऱ्यांनाही आपल्या पैशातून बरा झालेला रुग्ण कधी दिसला नव्हता.