आठवीतली तार

तेरा वर्षांच्या मुलामुलींचे वेडेवाकडे दात सरळ करायला तार लावावी की पारदर्शक अलायनर, हा प्रश्न आता यवतमाळ, पुसद, वणीतल्या घरांतही पोचला आहे. मोबाइलवर जाहिरात दिसते: तार नाही, टोचणे नाही, कोणाला कळणारही नाही. मुलगी ती जाहिरात आईला दाखवते, आई वडिलांना विचारते आणि किंमत कळली की विषय तिथेच संपतो, नाहीतर हौसेने तिथेच ठरून जातो. मुलीचे दात कसे आहेत, हे या सगळ्यात कोणी विचारत नाही. आमचे मत स्पष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक शाळकरी मुलांसाठी आजही साधी धातूची तारच बरी, आणि ती स्वस्त पडते हे त्यामागचे एकमेव कारण नाही.

अलायनर म्हणजे दातांवर नेमके बसणारे पातळ प्लॅस्टिकचे ट्रे. 1997 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ते इन्व्हिजलाइन या नावाने बाजारात आणले; आता भारतातही अनेक कंपन्या ते तयार करतात. दातांचे स्कॅन घेऊन संगणकावर टप्पे ठरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा जोड चढवायचा असतो. दातांची थोडी गर्दी किंवा थोड्या फटी असतील तर काम छान होते. ट्रे काढून ब्रश करता येतो, हिरड्या स्वच्छ राहतात, हा त्यांचा खरा गुण. तारेभोवती नीट न घासलेल्या दातांवर पांढरे चट्टे पडतात आणि ते पुढेही राहतात, हेही तितकेच खरे.

पण अट कडक आहे. दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे तोंडात हवेत. पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना काढायचे, खाऊन झाले की दात घासून पुन्हा लावायचे. आता आठवीतल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी चहा-पोळी, मधल्या सुट्टीत डबा, शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरची बोरे, शिकवणीला जाता जाता मुरमुरे, रात्री जेवण. दोन-चार तासांची मुभा संध्याकाळच्या आतच संपते. दर वेळी ट्रे डबीत ठेवायला हवेत. डबी विसरली की ते वहीच्या कागदात गुंडाळले जातात आणि तो कागद डब्याबरोबर कचऱ्यात जातो. चार-सहा दिवस टाळाटाळ झाली की दात मागे राहतात, पुढचा जोड बसत नाही, मग पुन्हा स्कॅन आणि पुन्हा नवे जोड. गरम पाण्याने धुतले तर ट्रेचा आकार बिघडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ते विसरले तरी तीच भीती. इन्व्हिजलाइनने 2008 मध्ये किशोरवयीनांसाठी जे अलायनर आणले, त्यांवर वापरानुसार फिके होत जाणारे निळे ठिपके होते. मुलाने ट्रे खरोखर लावले की नाही हे डॉक्टरांना कळावे, म्हणून ही सोय. या वयाची अडचण अलायनर बनवणाऱ्यांनाही चांगलीच ठाऊक होती.

तारेला अशी राखण लागत नाही. ती बसवण्याचे काम पालकांनी एकदा जवळून पाहावे. दात कोरडा करून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे जेल काही सेकंद ठेवतात; धुऊन वाळवले की तेवढा भाग खडूसारखा पांढुरका दिसतो. त्या किंचित खरबरीत झालेल्या जागेवर ब्रॅकेट, म्हणजे खाच असलेला छोटा धातूचा तुकडा, चिकटवून निळ्या प्रकाशाने पक्के करतात आणि खाचांमधून निकेल-टायटॅनियमची बारीक तार नेतात. तार वाकड्या दातांबरोबर वाकते, पण आपल्या मूळ कमानीकडे परत येऊ पाहते, आणि त्या ओढीचा हलका दाब दातांवर राहतो. दाबाच्या बाजूचे हाड विरते, मागे नवे भरते, आणि दात महिन्याला साधारण मिलिमीटरभर सरकतो. मूल झोपले, खेळले, रुसून बसले तरी काम चालूच. वर अडकलेला सुळा खाली आणणे, फार फिरलेला दात वळवणे, उपदाढा काढून पुढे आलेले दात मागे घेणे ही कामे तार जास्त भरवशाने करते. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, गालाला आतून टोचते, ऊस-फुटाणे-चिक्की बंद होते, पेरू फोडी करून खावा लागतो. हे सगळे मुलाला आधीच सांगितले की ते निभावून नेते.

आपल्या जिल्ह्याचा एक वेगळा पेच आहे आणि त्याची जाहिरातीत कुठेच दखल नसते. केळापूर, झरी-जामणी या भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि दात हाडात तयार होत असतानाच्या वयात मूल तेच पाणी पीत राहिले, तर पक्के दात खडूसारखे पांढरे, पिवळे-तपकिरी, कधी खड्डे पडलेले येतात. अशा दातांवर आम्लाचा परिणाम नीट होत नाही, त्यामुळे ब्रॅकेट वारंवार सुटतात. डॉक्टरांना जेल जास्त वेळ ठेवावे लागते किंवा वरचा थर हलका घासून घ्यावा लागतो. तिथे अलायनरचा विचार करायला जागा आहे, मात्र त्यांच्यासाठीही दातांवर छोटे उंचवटे चिकटवावे लागतात आणि ते त्याच दातांवर टिकवायचे असतात. गाव कुठले, पाणी बोअरवेलचे की नळाचे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

आता खर्च. अलायनरचा खर्च धातूच्या तारेच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो आणि अनेकदा लाखाच्या पुढे जातो. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे. म्हणजे एक लाख रुपये हे बारा क्विंटलांहून जास्त कापसाचे पैसे, तेही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हा दोन-तीन एकरांच्या पिकाचा प्रश्न होतो, आणि त्यातून मजुरी, बियाणे, फवारणी अजून वजा व्हायची असते. नोकरदार घराला तो परवडेल. परवडतो म्हणून अलायनर मुलाच्या दातांना योग्य ठरत नाही.

अलायनरच्या बाजूने अंतराचा मुद्दा मात्र खरा आहे. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. तारेसाठी दीड-दोन वर्षे दर महिन्या-सव्वामहिन्याला जायचे, आणि ब्रॅकेट सुटले तर मध्येच आणखी एक खेप. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मायलेकींना थोडा हातभार लागतो. बुडालेली रोजी कोणी भरून देत नाही. अलायनरमध्ये खेपा कमी होतात हे कबूल. तरीही या वयात महिन्यातून एकदा जाणत्या माणसाने मुलाचे तोंड उघडून पाहणे आम्हाला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा शाळेच्या वाटेवर मिळतो. आठवी-नववीतल्या पोराने तो चघळायला सुरुवात केली तर घरात कळायच्या आधी त्या खुर्चीवर कळू शकते.

सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे डॉक्टरांना न दाखवता घरबसल्या मागवलेले ट्रे. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी असेच टपालाने ट्रे पाठवायची. डिसेंबर 2023 मध्ये ती अचानक बंद पडली आणि अर्ध्यावर उपचार असलेले लोक वाऱ्यावर सुटले. एक्स-रे न काढता, मुळे आणि हिरड्या न पाहता वाढत्या वयातले दात हलवणे हा मुलाशी केलेला अन्याय आहे. खालचा जबडाच मागे राहिलेला असेल तर वाढीच्या वयात ट्विन ब्लॉकसारखे उपकरण लावून तो पुढे आणता येतो. वाढ थांबली की ही संधी जाते, आणि घरी आलेला ट्रे हे ओळखू शकत नाही. ते ओळखतो ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षे याच विषयाचे एमडीएस केलेला डॉक्टर. खासगीत परवडत नसेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारेचे काम करतात. वेळ जास्त लागतो, काम नीट होते.

वर्गातली पोरे तारेवरून चिडवतात, हे दुःख लहान समजू नये. मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागली असेल तर वर्गशिक्षकांशी बोला. तेवढ्यासाठी उपचार बदलू नका.

आणि वेळ साधा. दहावीनंतर आपली मुले शिकायला अमरावती, नागपूर, अकोल्याला जातात, वसतिगृहात राहतात. तिथून दर महिन्याला डॉक्टर गाठणे अवघड, आणि ट्रे मेसच्या ताटाबरोबर हरवायला वेळ लागत नाही. सातवी-आठवीत सुरू केलेली तार बहुतेकदा दहावीच्या परीक्षेआधी निघते. तेव्हा येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला ऑर्थोडोंटिस्टकडे घेऊन जा, आणि तार निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर किती दिवस लावायचा, त्याचे पैसे वेगळे किती, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.