खामच्या काठाने एक सकाळ

सुट्टी आली की मुलांना कुठे न्यावे, असा प्रश्न प्रत्येक घरात पडतो आणि आपण लांबच्या गावांची नावे घेऊ लागतो. मागच्या रविवारी आम्ही फजरच्या नमाजनंतर दोन्ही मुलांना घेऊन आपल्याच छत्रपती संभाजीनगरातून, खाम नदीच्या काठाने पायी निघालो. सोबत गाईड नव्हता. बारापुल्ला दरवाजापासून बीबी का मकबऱ्यापर्यंत, प्रवाहाच्या उलट दिशेने जायचे, एवढेच ठरले होते.

पुलावरून वाकून धाकटीने विचारले, "अम्मी, हा नाला कुठे जातो?" हा शब्द ती आमच्याकडूनच शिकली होती. ही नदी आहे, पुढे गोदावरीला मिळते, हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते.

पुढे महमूद दरवाजा आणि त्याला लागून पाणचक्की. उत्तरेकडच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणले गेले. ते उंचावरून पडते आणि खालचे चाक फिरवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी या जात्यावर पीठ दळले जाई. मोठा बराच वेळ चाकापाशी उभा होता. "विजेशिवाय?" त्याने दोनदा विचारले.

तिथून मकई दरवाजा, म्हणजेच मक्का दरवाजा. त्याचा जुना दगडी पूल आणि कमान मुलांनी हात लावून पाहिली. पुढे बेगमपुऱ्यातून मकबरा. 1657 मध्ये वारलेल्या दिलरस बानू बेगम इथे दफन आहेत. या इमारतीशी अताउल्ला हे वास्तुकार आणि हंसपत राय हे अभियंते, अशी दोन नावे जोडलेली आहेत. वरच्या संगमरवरी जाळीतून खाली कबर पाहून आम्ही फातिहा पढलो.

परतताना बोलणे पुन्हा पाण्यावर आले. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण गेल्या वर्षी दावतीनंतरच्या पत्रावळ्यांची पिशवी याच नदीत टाकणारे आमच्याच घरचे होते. मुलांसमोर हे कबूल करताना जीभ जड झाली. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि शहरातले नागरिक मिळून खामची सफाई करीत आहेत. त्यांनी काढलेल्या कचऱ्यात आमचीही भर होती.

वाचकहो, तुम्हीही एकदा या वाटेने जा. ऊन चढण्याआधी निघा, पाणी सोबत घ्या. दरवाजांतून अजून वाहने जातात, म्हणून लहानग्यांचा हात धरा. रिकामी बाटली मात्र घरी परत आणा.

आणि मुलांनी विचारले, तर नदीचे नाव सांगा.