कानाशी धरलेली प्रार्थना

एप्रिल २०२१. कोविड वॉर्डात नेरकडच्या एक ख्रिस्ती आजी होत्या. जीव घाबरा झाला की ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायच्या. समजावून समजावून आम्ही थकलो. शेवटी सिस्टरने त्यांच्या मुलाला फोन लावला, त्याने पाळकांना जोडून घेतले आणि सिस्टरने मोबाइल आजींच्या कानाशी धरला. पाच मिनिटे प्रार्थना झाली. तेवढ्याने ऑक्सिजनचा आकडा काही चढला नाही. पण आजींनी मास्क राहू दिला आणि सांगितल्यासारख्या पालथ्या झोपल्या. डॉक्टर म्हणून मला ते फार मोलाचे वाटले.

प्रार्थनेने आजार बरा होतो का, हे संशोधकांनी तपासून पाहिले आहे. अमेरिकेत बायपास झालेल्या सुमारे १,८०० रुग्णांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. इतरांनी दुरून केलेल्या ख्रिस्ती प्रार्थनेमुळे रुग्णांची गुंतागुंत कमी झाली नव्हती. स्वतः प्रार्थना म्हणण्याचा परिणाम मात्र वेगळा आहे. इटलीतील डॉक्टरांनी २००१ साली निरोगी माणसांना रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. योगातल्या मंत्रानेही तेच झाले. विषाणू मरत नाही, पण घाबरलेला माणूस सावरतो.

धोका गर्दीत आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका चर्चमध्ये समूहगायनाच्या सरावाला ६१ जण जमले. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी घरातच केला. ते श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नव्हते. साथीच्या काळात ९१ वे स्तोत्र घरोघरी म्हटले जाते. देव मरीपासून राखील असा धीर त्यात आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात याच स्तोत्राचा आधार देऊन सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे सांगून येशू नकार देतो. मास्क आणि लस टाळणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा वांद्र्याच्या ख्रिस्ती रहिवाशांनी वस्त्यांमध्ये क्रूस उभारून प्रार्थना केल्या. त्याच शहरात १० जानेवारी १८९७ रोजी वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईला दोन्हींची गरज होती.

कोविडमध्ये आम्ही खाटा मोजल्या, सिलिंडर मोजले. एकटेपणा कुणी मोजला नाही. कित्येक जण पाळक, फादर किंवा घरच्यांचा आवाज न ऐकताच गेले. पुढची साथ येईल तेव्हा रुग्णालयाच्या आराखड्यात प्रत्येक वॉर्डासाठी एक फोन आणि रोजची ठरलेली वेळ असावी. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याला हवा तो आवाज ऐकवण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर लिहिलेली असावी. याला फारसा खर्च नाही. आमच्या सिस्टरला ते कुणी सांगितले नव्हते. तिला सुचले म्हणून झाले. पुढच्या वेळी ते कुणाला सुचण्यावर सोडू नये.