एसी गार्ड्समधला 'एसी'

हैदराबादेत मासाब टँकच्या अलीकडे सिटी बसचा कंडक्टर 'एसी गार्ड, एसी गार्ड' असं ओरडायचा, तेव्हा लहानपणी मला वाटायचं, इथले पहारेकरी थंडगार खोल्यांत राहत असतील. पुढं कळलं, हा एसी म्हणजे 'आफ्रिकन कॅव्हलरी'. निजामाच्या घोडदळातल्या सिद्दी शिपायांची ही वस्ती. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर निजामाचं लष्कर मोडीत निघालं. घोडे गेले, पगार गेला, मरफा राहिला.

मरफा म्हणजे नगाऱ्यासारखं वाद्य, आणि त्यावरून पडलेलं त्या अख्ख्या वादनाचं नाव. सोबत डफ, ढोल, लाकडी थापी, स्टीलची कळशीसुद्धा. येमेनमधल्या हद्रमौतहून आलेल्या, बारकस वस्तीतल्या अरबांचाही त्यात मोठा वाटा. निकाह असो की गणपती विसर्जन, 'तीन मार'चा ठेका सुरू झाला की हैदराबादी माणूस स्वस्थ उभा राहूच शकत नाही.

भाच्याच्या लग्नात काचीगुड्याला आम्ही मरफावाले बोलावले. वरात निघण्याआधी त्यांनी रस्त्याच्या कडेला जुनी वर्तमानपत्रं पेटवली आणि जाळावर डफ धरले. तापलं की कातडं ताणलं जातं, आवाज चढतो. एकानं टिचकी मारून ऐकलं, मान हलवली, पुन्हा डफ जाळावर धरला. मग अशी काही सुरुवात झाली की नांदेडहून आलेल्या सत्तरीच्या आत्याबाईंनी पदर खोचला. नंतर 'बँडवाल्यांना जेवायला बसवा रे' असं कुणीतरी म्हणालं. नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कला घ्यायची आणि कलावंताचं नाव विसरायचं, हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडलं. 'हाउंड डॉग' हे गाणं बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं, १९५३चं. तीन वर्षांनी एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जगानं ते त्याच्या नावावर चढवलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर पिढी नाचली, पण जेम्स जेमर्सनसारख्या वादकांची नावं तिच्या अल्बमवर पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. उशिरा का होईना, छापली गेली.

आपल्याकडे? सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, फार तर खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर. तलवार लक्षात राहिली, ताल नाही. कुणी म्हणेल, लोककलेला मालक नसतो. मान्य. पण कलेला मालक नसला म्हणून वाजवणाऱ्याला नाव नसावं का? मंडळाच्या फ्लेक्सवर डीजेचं नाव वीतभर अक्षरांत असतं, नगरसेवकाचं हातभर. त्याच फ्लेक्सवर मरफ्याच्या उस्तादांचं नाव टाकायला एक ओळ पुरते. लग्नाच्या व्हिडिओतही ते द्यावं. हैदराबादच्या मराठी मंडळांनी तर सुगम संगीताच्या कार्यक्रमांतली एक संध्याकाळ त्यांना द्यावी, नाचायला नव्हे, बसून ऐकायला.

परवा उरलेले पैसे द्यायला एसी गार्ड्सला गेलो. वही काढून उस्तादांना नाव विचारलं. ते हसले, "नाम लिखके क्या करते साब, नंबर लिख लेव."

नंबर माझ्याकडे वरातीच्या आधीपासूनच होता.