केबिन लहान, पण जोतं केवढं?

आठशे वर्षांपूर्वी कामो नो चोमेई नावाचा जपानी कवी क्योतो शहर सोडून डोंगरात राहायला गेला. १२१२ साली त्याने आपल्या झोपडीची हकिकत लिहून ठेवली. लांबी-रुंदी दहा-दहा फूट, उंची सात फुटांच्या आत, आणि सांध्यासांध्याला कोयंडे. जागा मनाला पटेनाशी झाली, तर कोयंडे काढायचे आणि घर उचलायचं. सगळं मिळून दोन गाड्या भरत.

आज मुळशी, कर्जत, पवना धरणाचा परिसर किंवा सिंधुदुर्गाची किनारपट्टी, कुठेही गेलं तरी ‘निसर्गाच्या कुशीतली केबिन’ भाड्याने मिळते. केबिन ट्रकवरून येते, दोन दिवसांत उभी राहते, हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी तिच्याआधी जेसीबी येऊन गेलेला असतो. उतार कापून सपाटी केली जाते, त्यावर काँक्रीटचा कोबा पडतो, ट्रक चढावा म्हणून रस्ता निघतो. मग सेप्टिक टँक, बोअर आणि अंगणात पोहण्याचं डबकं. केबिन उद्या हलवता येईल. कापलेला डोंगर परत जोडता येत नाही. अशा बांधकामाला पर्यावरणस्नेही म्हणणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

लहान केबिन म्हणजे आक्रसलेला बंगला नव्हे. तिच्यात काय ठेवलं यापेक्षा काय वगळलं, यात तिच्या रचनाकाराचं कसब दिसतं. ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने चंडीगढची आखणी केली, त्याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँ इथे स्वतःसाठी लाकडी खोपटं बांधलं. ते ३.६६ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. भाग कॉर्सिका बेटावर तयार झाले आणि समुद्रमार्गे आणून १९५२ साली जागेवर जोडले गेले. आत पलंग, टेबल, कपाट, हात धुवायला भांडं आणि पडद्याआड शौचकूप. स्वयंपाकघर नाहीच! शेजारी ओळखीच्या माणसाची खाणावळ होती. भिंतीतलं एक दार थेट तिथे उघडायचं. २०१६ साली युनेस्कोने कॉर्बुझिएच्या इतर वास्तूंबरोबर या खोपटालाही जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. शेजार धरून राहिल्यामुळे ते लहान राहू शकलं, हे आपल्याकडच्या केबिनवाल्यांनी नीट पाहायला हवं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मझामा इथे टॉम कुंडिग यांनी रचलेल्या सहा झोपड्या पोलादी चाकांवर उभ्या आहेत. चाकांमुळे त्या गवतापासून उचललेल्या राहतात आणि खालचं कुरण अखंड राहतं. अंघोळीची सोय झोपडीत नाही. त्यासाठी जवळच्या सामायिक कोठारात जायचं. म्हणजे सहा न्हाणीघरं, सहा नळजोडण्या, सहा ठिकाणची खोदाई टळली. रेन्झो पियानो यांनी २०१३ साली जर्मनीतल्या वाइल अम राइन इथे उभी केलेली ‘डायोजीन’ दुसऱ्या वाटेने गेली. अडीच बाय तीन मीटरच्या त्या खोलीत छपरावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि मैल्याचं खत करणारं शौचकूप आहे. बाहेरून ना तार, ना नळ.

हे नमुने आहेत तसे उचलून कोकणात ठेवले तर मात्र फसतील. थंड देशातली केबिन ऊब धरून ठेवायला केलेली असते. इथे एप्रिलमध्ये तिची भट्टी होते. न्हावा-शेवाच्या बंदरामुळे जुने कंटेनर सहज मिळतात, म्हणून त्यांचीही केबिन करतात. पण पत्रा तापतो, पावसाळ्यात आतून घाम धरतो, खारी हवा त्याला खाते. दर्शनी भिंत सबंध काचेची आणि छप्पर भिंतीशीच कापलेलं, हे फोटोत छान दिसतं. जूनमध्ये वाऱ्याबरोबर आडवा पाऊस सुरू झाला की त्या काचेच्या फटीफटीतून पाणी आत येतं. आपल्या जुन्या घरांना खोल वळचण असे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. समोरासमोर खिडक्या, छपराखाली वाऱ्याला वाट, उन्हाच्या बाजूला पडवी, एवढं केलं तर एसीचा प्रश्नच बराचसा उरत नाही.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बारा चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे छत्तीस हजार लिटर. सगळं साठवता येणार नाही, पण पाच हजार लिटरची टाकी पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच भरेल.

सर्वांत जास्त काळजी जमिनीची घ्यायला हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे उन्हाळ्यात उजाड दिसतात म्हणून ‘पडीक’ ठरतात. पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत इवल्या वनस्पतींचे गालिचे उगवतात. कोबा घातला की ते तिथून कायमचे गेले. शिवाय हा कातळ जांभ्याचा, आणि जांभा सच्छिद्र. वर सेप्टिक टँक पाझरला तर खालच्या वाडीची विहीर नासते. इथे चिऱ्यांच्या सुट्या खांबांवर पेललेली, खालून वारा आणि पाणी वाहू देणारी केबिनच शोभेल. शौचकूप कोरडं, खत करणारं हवं.

सामान दूर शोधायला नको. सिंधुदुर्गात होणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो. कुडाळला २००४ पासून कॉनबॅक ही संस्था बांबूच्या बांधकामावर काम करते आहे. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सची प्रक्रिया केली, पावसापासून जपला, तर बांबू वर्षानुवर्षं टिकतो. नटबोल्टने जोडलेला सांगाडा स्थानिक कारागीर सोडवू शकतो, पुन्हा उभा करू शकतो. मोडलेली काठी बदलायला मुंबईहून माणूस बोलवावा लागत नाही. जेवण मात्र वाडीतल्या घरीच असावं. पाहुण्याला गरम भाकरी मिळेल, घरधनिणीला चार पैसे मिळतील आणि केबिनमध्ये आणखी एक स्वयंपाकघर बांधावं लागणार नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, कॅराव्हॅन पर्यटनाचं २०२१ साली. हलत्या निवाऱ्यांना उत्तेजन जरूर द्यावं. पण परवानगी देताना चाकं मोजण्याऐवजी जमीन किती कापली, काँक्रीट किती ओतलं आणि सांडपाणी कुठे सोडलं, हे ग्रामपंचायतीने जागेवर जाऊन पाहावं. केबिन हलवल्यावर जागा पूर्ववत करण्यासाठी मालकाकडून आधीच अनामत घ्यावी. पर्यटकांनीही आरक्षण करताना खिडकीतून काय दिसतं हे विचारून झालं की सांडपाणी कुठे जातं हेही विचारावं, आणि मालकाकडे उत्तर नसेल तर तिथे जाऊ नये.